कुलथे सर उत्तर देत नाहीत

लग्नाकार्यात कुणी ओळख करून दिली की मला एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम कॉलेजात होत्या." "कुठला विषय?" "समाजकार्य." समोरचा जरा थांबतो आणि मग विचारतो, "ते शिकवावं लागतं?" एका गृहस्थांनी तर अगदी आपुलकीने विचारलं होतं, "म्हणजे वर्गणी कशी गोळा करायची वगैरे का?" मी हो म्हणून टाकलं. जेवणाच्या पंगतीत जास्त समजावत बसलं तर जिलेबी थंड होते.

दिवाळी अंकाच्या वाचकांना मात्र नीट सांगते. नगरच्या एका समाजकार्य महाविद्यालयात मी आयुष्यभर शिकवलं. आमच्याकडे पुस्तकं असतात, परीक्षा असतात, पण खरा अभ्यास वर्गाबाहेर. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातले ठरावीक दिवस एखाद्या वस्तीत, दवाखान्यात किंवा शाळेत पाठवायचं. तिथल्या माणसांशी बोलायचं, त्यांच्या अडचणीत सोबत राहायचं आणि परत येऊन शिक्षकासमोर बसून जे घडलं ते सांगायचं. ह्याला क्षेत्रकार्य म्हणतात. ह्यात जो नापास, तो वर्षात नापास. बाकी सगळ्या विषयांत पहिला आला तरी. आणि ज्याच्या मदतीला आपण जातो त्याला आम्ही सेवार्थी म्हणतो. शब्द जरा देवळातला वाटतो, पण रुग्ण म्हणता येत नाही, गिऱ्हाईक म्हणता येत नाही, मग काय करणार.

ही गोष्ट आहे ती मी निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षाची. महाविद्यालयाचं मूल्यांकन करायला समिती येणार होती. फायली रंगीत झाल्या, कुंड्या आल्या, आणि प्राचार्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक शिक्षकाने 'माझे अध्यापन-तत्त्वज्ञान' या विषयावर एक पान लिहून द्यावं. स्टाफरूममध्ये एकदम परीक्षेचं वातावरण. जो तो दुसऱ्याच्या पानात डोकावतोय. शेवटी सगळ्यांचं तत्त्वज्ञान सारखंच निघालं. सगळे विद्यार्थीकेंद्री, सगळे समताधिष्ठित, सगळे अनुभवातून शिकवणारे. मीही तेच लिहिलं होतं, फक्त माझं अक्षर चांगलं होतं.

कुलथे सरांनी एकच ओळ लिहिली. 'मी विद्यार्थ्याला उत्तर देत नाही.'

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. "अहो सर, समितीला वाटेल तुम्ही वर्गावरच जात नाही!"

"वाटू द्या," सर म्हणाले आणि डबा उघडला.

कुलथे सर राहुरीकडचे. घरचा ऊस, घरची भाकरी, डब्यात रोज लसणाची चटणी. अंगाने किडकिडीत, आवाज बारीक, आणि गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या विद्यापीठात कुणी नव्हता. विद्यार्थी काही विचारायला गेला की सर चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि त्याच्याकडे बघत राहायचे. पोरं म्हणायची, सरांचा चष्मा निघाला की आपलं आपणच बोलावं लागतं.

मी नेमकी उलटी. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर. आमच्याकडे रविवारी चर्चमध्ये उपदेश व्हायचा आणि उरलेले सहा दिवस घरी. सल्ला देणं माझ्या रक्तात आहे. रिक्षावाल्यालासुद्धा मी मुलांची नावं कुठल्या शाळेत घालावीत ते सांगते. त्यामुळे सरांचं आणि माझं वर्षानुवर्षं एक भांडण चालू होतं. मी म्हणायचे, माणूस अडचणीत आहे, त्याला जीव लावा, मार्ग दाखवा. ते म्हणायचे, "जीव लावा ना. पण जीभ आवरा." मला ह्या माणसाचं कायम कुतूहल वाटायचं. इतकं गप्प राहून हा शिकवतो तरी काय? आणि त्याचे विद्यार्थी माझ्यापेक्षा बरे कसे निघतात? हे दुसरं मी कधी बोलून दाखवलं नाही.

त्या वर्षी सरांच्या गटात वैशाली होती. मिरजगावची सून. नवऱ्याचं खतांचं दुकान, घरी तीन वर्षांची ओवी. एवढी लहान मुलगी ठेवून बाई नगरला खोली करून शिकते म्हटल्यावर भावकीत कुजबुज झाली होती, पण सासूबाई ठाम राहिल्या. "दोन वर्सं मी पोरीला सांभाळते. तू शिकून घे. पन दोनच. माझे गुडघे तिसऱ्याला न्हाई ऐकायचे." वैशाली हे सांगायची तेव्हा हसायची, पण तिला पक्कं माहीत होतं की वर्ष वाया गेलं तर शिक्षण तिथंच संपलं. शनिवारी दुपारच्या एसटीने मिरजगाव, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत, असं तिचं चाललेलं.

तिचं क्षेत्रकार्य नागापूरला, एमआयडीसीच्या मागच्या वस्तीत होतं. तिथे मंगल राहायची. एका कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम, नवरा टेम्पोवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. त्यांची सहा वर्षांची आरती जन्मापासून बहिरी. बोलणंही नाही. सरकारी दवाखान्यात तपासणी वैशालीनेच करवून आणली. डॉक्टरांनी सांगितलं, आता उशीर करू नका, खुणांची भाषा, ओठ वाचणं, सगळं ह्याच वयात शिकतात. दुसऱ्या तालुक्यात मूकबधिर मुलांची चांगली निवासी शाळा होती. जागाही मिळत होती. फक्त आरतीला तिथेच ठेवावं लागणार होतं.

मंगल दर भेटीत विचारायची, "ताई, ठेवू का नको?"

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना विचित्र वाटते, ती सांगते. समाजकार्यकर्त्याने माहिती सगळी द्यायची, बरोबर चालायचं, पण निर्णय सेवार्थीचा. 'ठेवा' म्हणायचं नाही, 'ठेवू नका'ही म्हणायचं नाही. पहिल्या महिन्यात आम्ही हे पोरांकडून घोकून घेतो. वैशालीनेही घोकलं होतं. पण मंगलने पाचव्यांदा का सहाव्यांदा विचारलं आणि ही विरघळली. म्हणाली, "मंगलताई, मी सांगते तुम्हाला, ठेवा. माझी ओवी पण सासूबाईंजवळच आहे की. पहिल्यांदा रडली, आता छान खेळते. लेकरं रुळतात."

मंगलने आरतीला शाळेत नेऊन घातलं.

पुढे दिवाळीच्या सुट्टीआधी एक दिवस आम्ही स्टाफरूममध्ये चहा घेत होतो, तर दारात एक बाई उभी. कडेवर चांगली मोठी मुलगी. मुलीने आईचा पदर मुठीत असा पिळून धरला होता की बाईची मान एका बाजूला ओढली गेली होती.

"वैशालीताईचे सर कोन हायेत?"

कुलथे सर उठले. त्यांनी खुर्ची दिली, शिपायाला पाणी आणायला सांगितलं. मंगल बसली नाही.

"ताईंनी सांगितलं म्हनून ठेवली म्या हिला. रैवारी भेटायला गेल्ते. येताना फाटकाशी आले, मागं वळून पाह्यलं, तर ही गजाला धरून उभी. दुसरी लेकरं आई आई करून बोंबलत हुती. हिला हाक पन मारता येत न्हाई ओ. नुसती बघत हुती माझ्याकडं." मंगलचा आवाज चढत गेला. "तशीच उचलून आनली. आता ही मला सोडंना. कामावर जाऊ देईना. ठेकेदार म्हनतो, उद्या आली न्हाईस तर येऊच नको. तुमच्या ताईंनी सांगितलं हुतं ना? मंग आता तुमीच सांगा, काय करू मी?"

मला राहवलं नाही. मी तोंड उघडलं, आणि सरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी बिस्किटाचा पुडा आरतीपुढे केला. तिने तो घेतला नाही.

सर म्हणाले, "मंगलताई, आत्ता मी काही सांगत नाही. पण मी तुमच्याकडे येतो, वैशालीला घेऊन. ठेकेदाराशी आधी मी बोलतो, त्याचा नंबर द्या." ते त्यांनी लगेच केलं. तिला काही दिवसांची सवड मिळाली. मंगल गेली, पण तिचा राग खोलीत राहिला. कुणीच चहा संपवला नाही.

मग सर म्हणाले, "वैशाली नापास."

मी उसळलेच. "सर, पोरीचं आयुष्य आहे! सासूने दोन वर्षं दिलीत. आणि तिने सांगितलं ते चूक होतं का? डॉक्टर तेच म्हणाले, तुम्ही तेच म्हणाल!"

"बरोबर सांगितलं म्हणूनच जास्त चुकलं," सर म्हणाले. "चुकीचं सांगितलं असतं तर मंगलने ऐकलंच नसतं. मंगल फाटकाशी उभी होती ना, तेव्हा तो निर्णय तिचा नव्हता. दुसऱ्याचा निर्णय फाटकाशी टिकत नाही, मॅडम."

ह्यावर मी आणखीच चिडले. म्हटलं, तुमच्या तत्त्वापायी एक शिकणारी बाई घरी बसणार. हेच का तुमचं विद्यार्थीकेंद्री शिक्षण? सरांना लागलं असावं. ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "अजून गुण भरले नाहीत मी. तिला कळलंय का ते मला बघायचंय. उद्या तुम्हीही बसा."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाशेजारच्या छोट्या खोलीत आम्ही तिघं बसलो. वैशालीचे डोळे सुजलेले. मंगल येऊन गेल्याचं तिला कळलं होतं. ती माफी मागायची तयारी करून आली होती, सरांनी ती मागूच दिली नाही.

आमच्या विषयात रोल प्ले नावाचा प्रकार असतो. एकाने सेवार्थी व्हायचं, दुसऱ्याने कार्यकर्ता, आणि खरी भेट असल्यासारखं बोलायचं. मुलं त्यात नाटक करतात, पदर घेतात, हुंदके देतात, आणि वर्गाला मजा येते. मला वाटलं सर मंगल होतील. सर म्हणाले, "तू मंगल. मी वैशाली."

आणि त्यांनी वैशालीची कापडी पिशवी खांद्याला अडकवली, तिच्यासारखं गुडघे जोडून बसले आणि तिच्याच लगबगीने म्हणाले, "मंगलताई, चहा नको हं, आत्ताच घेतला." मी फिस्सकन हसले. वैशालीही हसली. इतक्या वर्षांत हा माणूस नक्कलही करू शकतो हे मला माहीत नव्हतं.

वैशालीने मंगलची भाषा धरली. "ताई, ठेवू का नको ओ?"

सर म्हणाले, "आरतीला तिथं ठेवायचं म्हटलं की पहिलं काय डोळ्यांपुढं येतं?"

"ती रडंल."

सर गप्प.

"रातच्याला उठंल. मी दिसनार न्हाई."

सर गप्प. चष्मा टेबलावर होता.

"मंग हळूहळू इसरंल मला." वैशाली थांबली. मग तिची भाषा बदलली आणि तिला ते कळलंही नाही. "शनिवारी मी दारात गेले की आधी जवळ येतच नाही. आजीच्या मागं लपते. मी खाऊ काढला की मग येते, पाहुणीकडे यावं तशी. रात्री झोपताना आजीच पाहिजे. सोमवारी मी निघते तेव्हा रडत नाही आता. अजिबात रडत नाही. टाटा करते."

वैशालीने तोंडावर ओढणी घेतली.

सरांनी पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. "हे सांगितलं होतंस मंगलताईंना?"

"नाही."

"काय सांगितलं होतंस?"

"आता छान खेळते, म्हणून." ती हुंदका आवरत म्हणाली, "खेळते, सर. ते खोटं नाही. पण मी... आरतीला तिथंच राहू दिलं असतं ना मंगलताईंनी, आणि ती रुळली असती, तर मला बरं वाटलं असतं. माझं पण बरोबर आहे असं वाटलं असतं."

मी आजवर शेकडो मुलांना 'स्वतःच्या भावना आणि सेवार्थीच्या भावना यांची गल्लत करू नये' असं फळ्यावर लिहून दिलंय. त्याखाली रेघही मारलीय. ते वाक्य असं दिसतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. मला त्या क्षणी सरांचा हेवा वाटला, अगदी खरा हेवा. आणि वैशालीला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलंही. कुणाच्या तत्त्वज्ञानात बसो न बसो.

त्याच आठवड्यात आम्ही नागापूरला गेलो. सर, वैशाली आणि हट्टाने मी. मंगलची खोली पत्र्याची, एकच, पण भांडी अशी घासलेली की त्यात तोंड दिसावं. आरती आईच्या पायाशी बसून रिकाम्या खोक्यांच्या पट्ट्या जोडत होती. मंगलने आम्हाला बसवलं, पण चेहरा घट्ट.

वैशालीने माफी मागितली नाही. ती सरळ ओवीचं सांगायला लागली. आजीच्या मागे लपणं, खाऊ, टाटा, सगळं. मंगलचा चेहरा हळूहळू सैल झाला. ती चुलीपासून उठून वैशालीजवळ येऊन बसली. "मंग तुमी का जाता ओ शिकायला?"

"मला शिकायचंय म्हणून," वैशाली म्हणाली. "दोन्ही खरं आहे, मंगलताई. जीव तुटतो आणि शिकायचंही आहे."

मग तिने शाळेची सगळी माहिती पुन्हा सांगितली. उशीर झाला तर काय अवघड जाईल, तेही. भेटीचे दिवस कुठले, सुट्ट्या कधी, वर्षभर थांबलं तर जवळपास दुसरी काय सोय होऊ शकते, आठवड्यातून एकदा शिकवायला कोण येऊ शकतं. एकही गोष्ट तिने फुगवली नाही, एकही लपवली नाही. आणि मंगलने पुन्हा विचारलं, "मंग ठेवू का नको?", तेव्हा वैशालीने ओठ मिटले. तिच्या मांडीवरची बोटं एकमेकांत गुंतली होती. ते दाबून धरलेलं उत्तर मला दिसत होतं. माझ्या तोंडात तर ते केव्हाचं येऊन बसलं होतं. ठेव गं बाई, पोरीचं भलं होईल. मी ते मंगलने दिलेल्या चहाबरोबर गिळलं. आयुष्यात एवढा कडू चहा प्यायले नाही.

मंगल बराच वेळ आरतीकडे बघत होती. आरतीला कुणी बघतंय हे बरोबर कळायचं, तिने मान वर केली आणि जोडलेलं खोकं आईपुढे धरलं.

"यंदा न्हाई," मंगल म्हणाली. "माझ्याच्यानं व्हनार न्हाई यंदा. त्या शिकवनाऱ्या बाईंना आठवड्याला बोलवा. त्या हिला शिकवतील तवा मी पन बसते शिकायला. हिला माझ्याशी बोलता आलं पाह्यजे आधी. आज मी गेले तरी उद्या येनार हाय, येवढं मला हिला सांगता आलं पाह्यजे. मंग पाठवीन."

वैशालीने मान हलवली. "मी उद्याच बोलते त्यांच्याशी."

वाचकांचा जीव टांगणीला नको म्हणून इथेच सांगून टाकते, वैशाली पास झाली. सरांनी गुण भरले आणि मी न विचारताच मला दाखवले. ती आता मिरजगावातच एका संस्थेत काम करते, ओवी शाळेत जाते आणि सासूबाई गुडघ्यांची तक्रार सगळ्यांकडे करतात. मंगलचं मात्र मला पुढचं ठाऊक नाही. दुसऱ्या वर्षी ती खोली सोडून कुठेतरी गेली, फोन लागत नाही. आरती त्या शाळेत गेली का, आईशी बोलायला लागली का, हे मला अजून कधीकधी जेवताना आठवतं आणि घास तसाच राहतो. आमच्या कामात गोष्टीचं शेवटचं पान बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या हाती जातं. त्याची सवय होते म्हणतात, मला झाली नाही.

आणि कुलथे सरांचं तत्त्वज्ञान मला पटलं का? पूर्ण नाही. एखाद्याच्या घराला आग लागली असेल तर मी अजूनही ओरडूनच सांगेन. पण त्या दिवशी नागापूरहून निघताना दारात जे बोलणं झालं, ते मी कुणालाही सांगताना चुकवत नाही.

आम्ही चपला घालत होतो. मंगल आरतीला कडेवर घेऊन बाहेर आली. पहिल्यांदाच ती हसली आणि म्हणाली, "सर, आता तर माझं ठरलं. आता तरी सांगा. बराबर केलं का चुकलं?"

मला वाटलं, आता चष्मा निघणार. सरांनी चष्मा काढला नाही.

"माझं विचाराल तर चुकलं," ते म्हणाले. "मी असतो तर ठेवली असती. ह्या वयातलं एक वर्ष लई मोठं असतं."

मंगल बघतच राहिली. मीही. वैशालीचा एक पाय चपलेत, एक बाहेर.

"मंग तवाच का न्हाई बोल्लात?"

"तेव्हा बोललो असतो," कुलथे सर म्हणाले, "तर तुम्ही ऐकलं असतं."